कमानीवरचा कोबा

१

कोबा पिटणं म्हणजे काय, हे आता सांगावं लागते. सिमेंट आलं आन् ते काम गेलं. आमच्या वेळी गच्चीवर चुन्याचा जाड थर टाकत. त्यात विटांचे तुकडे, बेलफळाचा गर, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. त्याचा एक आंबूस-गोड वास येई, तो लुगड्यातून धुतल्यावरही जात नव्हता. मंग दहा बाया एका ओळीत उकिडव्या बसत, हातात लाकडाची थापी घेत, आन् तो थर पिटत पिटत मागं सरकत. या टोकापासून त्या टोकाले, मंग परत. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, आठ-आठ दहा-दहा दिवस. सगळ्यांची थापी एकाच वेळी पडली पाहिजे, नाई त थर खालीवर होते. म्हणून एक बाई गाणं म्हणे आन् बाकीच्या तिच्या बोलावर हात टाकत.

काम झालं हे थापीच सांगे. पहिल्या दिवशी ती ओल्या चुन्यात रुतते, भद्द करते. शेवटच्या दिवशी थर असा दगड होते का थापी टण्ण करून हातात परत येते. 'थापी उसळली' म्हणलं का मिस्त्री समजे, कोबा झाला.

मले सन मोजता येत नाई. पण माही वच्छला बेचाळीसच्या पावसाळ्यात पोटात होती, आन् मी ज्या कामाचं सांगून राह्यली त्या सालात तिले बारावं लागलं होतं. म्हणजे चोपन साल. चांद्यात बेचाळीसच्या हुतात्म्यांची कमान बांधून राह्यले होते. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन दगडी खांब, त्यावर कमान, आन् कमानीच्या डोक्यावर झेंडा लावाले सपाट गच्ची. उजव्या खांबात काळ्या दगडाची पाटी बसवली होती. त्यावर नऊ नावं कोरून झाली होती. खाली एका नावाची जागा कोरी होती.

गच्चीवर कोबा पिटणाऱ्या दहा बायांमधली मी एक. आन् त्या कोऱ्या जागेवर माह्या नवऱ्याचं नाव यायचं का नाई, हे माह्याच हो-नाईवर होतं.

२

त्याचं नाव दसरू. तेव्हा मी ते तोंडातून काढत नव्हती, आता काढते.

दसरू ठेकेदाराच्या बंडीवर होता. जंगलातून सागवान आणे. बेचाळीसच्या श्रावणात एका बाजाराच्या गावी मोर्चा निघाला, आन् हा रस्त्यानं जात होता त बंडी सोडून त्यात सामील झाला. गोळी चालली. नऊ माणसं पडली. नऊही मुडदे ज्याच्या त्याच्या घरच्यांनी ओळखले, जाळले. दसरूची बंडी झाडाखाली सापडली. बैल बांधून होते, पुढ्यात चारा टाकून होता. घडीभरात परत येणारा माणूस टाकून जाते तेवढाच चारा. तो मात्र नव्हता. मेलेल्यात नाई, पकडलेल्यात नाई.

आमच्यात असा माणूस हरपला का बारा वर्षं वाट पाहातात. नाई आला त पळसाच्या देठांचा पुतळा करून नदीवर जाळतात. मंग त्याच्या बाईच्या बांगड्या फुटतात, आन् माणूस मेला असं घर मान्य करते. त्या पोळ्याले बारा वर्षं भरली होती.

माहे भासरे सोमाजी, म्हणजे दसरूचे मोठे भाऊ, यांच्याशी मी कधी समोर बोलली नाई. ते भिंतीले सांगावं तसं माह्या सासूले सांगत.

"माय, हिले सांग, पोट्टी बारा वर्साची झाली. कोनी पाहाले आलं त पहिले इचारते, बाप आहे का नाई. मी काय सांगू? अर्धा आहे म्हनू?"

सासूचं नाव रुखमाबाई. दिसाले वीतभर, पण तोंड असं का बाजारात दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाई. ती म्हणे, "जित्या मानसाले जाळता काय बे?"

"जिता असता त आला असता."

"येत नाई म्हनून मेला होते? मंग तुहा सासरा पाच वर्सांपासून आपल्या घरी आला नाई. त्याचा बी पुतळा कर."

वच्छला हसे. मी पदर तोंडावर धरे. पण रात्रंदिवस ते एकच वाक्य घरात फिरे. जित्या माणसाले जाळता काय.

एक दिवस कमानीच्या समितीचे चिटणीस गुणवंतराव घरी आले. खादीची टोपी, हातात घडी केलेला कागद. भला माणूस. ओट्यावर टेकले आन् म्हणाले, "रंभाबाई, दगडावर जागा राखून ठेवली आहे. पण ज्याचं घर त्याले मेला म्हणत नाही, त्याचं नाव मी हुतात्म्यांत कसं कोरू? तुमच्याकडचा विधी झाला म्हणजे कोरतो. सव्वीस जानेवारीले कमान खुली होणार, पाथरवट त्याच्या आधी पंधरा दिवस निघून जाणार. मंग जागा तशीच गुळगुळीत करून टाकू. कोणाची घाई नाही. तुम्ही म्हणाल ते."

सगळे माह्याकडे पाहात होते. मी म्हणलं, "पाहू."

३

चुना टाकला त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. ऊन नुकतं अंगाले लागू लागलं होतं. खालून बंड्या जात होत्या. धुरपता ओळीच्या टोकाले बसून गाणं म्हणत होती, "हान वो बाई पान्याले, हान वो बाई दान्याले," आन् आमचे हात पडत होते. भद्द. भद्द. भद्द.

माह्या बाजूले सुकरी बसे. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावची गोंडीन. बोलणं कमी, हात पक्का. ती हळूच म्हणाली, "रंभे, तुही थापी उसळते काय?"

"कालच त टाकला चुना. रुतूनच राह्यली."

"माही उसळते."

धुरपताच्या कानातून काही सुटत नव्हतं. गाणं थांबवून म्हणाली, "सुकरीच्या हातात ताकद आली वो. काल काय रांधलं होतं? आमाले बी सांग." बाया हसल्या. मंग धुरपतानं तीन-चार घाव टाकले आन् तिचं हसू तिथंच राह्यलं. "अवो," ती म्हणाली, "माही बी."

एक-एक करून सगळ्या बोलल्या. ओल्या चुन्यात थापी जाते, आन् लगेच खालून हाताले धक्का बसते.

मुखरू मिस्त्री आला. त्यानं थरात अंगठा दाबला, नखापर्यंत आत गेला. "ओला आहे. बायाहो, काम टाळाचं असन त सरळ सांगा, उसळते-बिसळते सांगू नका." धुरपता म्हणाली, "घे मंग तूच." त्यानं तिची थापी घेतली, दोन घाव घातले. तिसरा नाई घातला. आपला तळहात पाह्यला, थापी परत दिली.

"कमानीच्या पोटातली भर पोकळ बसली असन," तो म्हणाला. "दाबून पिटा."

ती भर त्यानंच आपल्या हातानं घातली होती. दगड आन् मुरूम, पाणी मारून, ठोकून. पोकळ राह्यले जागाच नव्हती. पण मिस्त्री म्हणते ते मानावं लागते. मीही मानलं. माह्या डोक्यात दुसरंही कारण होतं. चांद्याचा परकोट, गावाभोवतीची दगडी भिंत, जवळ आहे, आवाज तिथून आपटून येत असन. पडसाद.

फक्त पडसाद आवाजाचा येते. धक्क्याचा येत नाई. आन् मी ते कोणाले बोलली नाई का माह्या थापीखाली काहीच नव्हतं. माही रुतत होती, जशी ओल्या चुन्यात रुताले पाहिजे तशी.

४

तिसऱ्या दिवशी बोलली. धुरपता म्हणे, "तुही जागा बरी दिसते, कडेची. सरक तिकडं." तिनं मले सुकरीच्या जागेवर बसवलं आन् सुकरीले माह्या. गाणं सुरू झालं. भद्द. माही थापी रुतली. सुकरीनं माह्याकडे पाह्यलं आन् मान हलवली. तिची तिथंही उसळत होती.

मंग धुरपताले चेवच आला. तिनं मले ओळीच्या मधात घातलं, मंग दुसऱ्या टोकाले, मंग आपल्या स्वतःच्या जागेवर. मी जिथं बसली तिथं चुना मुका. ज्या जागेवरून उठली, तिथं दुसरीच्या हाताले धक्का. म्हणजे भर पोकळ नव्हती. मी सरकली का खालचंही सरकत होतं.

"तुले पाहून लाजते जो कोनी आहे तो," धुरपता म्हणाली. कोणी हसलं नाई. तिलेही आपलं बोलणं आवडलं नाई, तिनं पदराच्या शेवानं तोंड पुसलं.

दुपारी बाया भाकरी खायले खाली लिंबाखाली गेल्या. मी वरच राह्यली. गच्चीवर पालथी झाली आन् चुन्याले कान लावला. गार लागला. आधी काही नाई. कमानीखालून एक बंडी गेली, तिच्या चाकाची घरघर दगडातून वर आली आन् गेली. एक सायकल गेली. मंग बाया बांबूच्या परांचीवरून वर आल्या, आपल्या आपल्या जागेवर बसल्या. मी तशीच पडून होती. धुरपताले वाटलं मी झोपली. तिनं मुद्दाम जोरानं बोल टाकला, आन् नऊ थाप्या पडल्या.

वर नऊ पडल्या आन् खाली नऊ पडले.

दहा जणींच्या ओळीत बसून बसून कान असा तयार होते, का किती हात पडले ते मोजावं लागत नाई. एक कमी झाला तरी कळते. खाली नऊच होते, आन् लाकडाचा आवाज नव्हता तो. टाचेचा होता. उभ्या माणसानं जागच्या जागी पाय आपटावा तसा, फक्त तळवा आमच्याकडे करून.

मी हात वर केला. बाया थांबल्या. खाली आणखीन एक वेळ पडला. मंग थांबला.

"काय ऐकलं?" धुरपतानं विचारलं.

"बंडी गेली," मी म्हणलं.

सुकरीले खरं कळलं असन. सांजेले परांची उतरता उतरता ती म्हणाली, "आमच्याकडं मेलेल्याचा दगड उभा करते. मंग त्याच्यापासून दूर बसते. तुमी त त्यायच्या डोक्यावर बसून पिटून राह्यले."

"डोक्यावर नाई," मी म्हणलं.

५

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो त मुखरू आधीच येऊन गच्चीवर उभा होता. आदल्या सांजेले आम्ही थर आरशासारखा सपाट करून गेलो होतो. वर रात्री कोणी चढलं नव्हतं, परांचीची शिडी मुखरू आपल्या घरी नेत असे.

थरावर फुगवटे आले होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर. नऊ. वीत-सव्वा वीत लांब, पुढं रुंद, मधात चिंचोळे.

"चुन्यात न विझलेली कच्ची कळी राह्यली असन," मुखरू म्हणाला. "पाणी लागलं का फुगते. होते असं."

होतेच तसं. कळी राह्यली का चुना फुगते, हे मी दहा ठिकाणी पाह्यलं होतं. पण ती कुठंही फुगते, वाट्टेल तशी. ओळीत फुगत नाई.

सुकरी पहिल्या फुगवट्याजवळ बसली. हात ओला करून तिनं वरची भुकटी पुसली. पुढच्या टोकाले पाच बारके उंचवटे होते, एक मोठा, चार उतरत्या मापाचे. ओल्या मातीत पाय उमटते तो खोल उमटते. हा वर आलेला होता.

मुखरूनं करनी काढली आन् एक-एक फुगवटा तासून टाकला. तो आमच्याकडे पाठ करूनच तासत होता. नऊ झाल्यावर तो दहाव्या जागेवर क्षणभर थांबला. तिथं सपाट होतं. ती कालची माही जागा होती.

त्या सांजेले घरी येऊन मी सासूले सगळं सांगितलं. कोणाले तरी सांगावंच लागलं असतं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते, तिनं माहा चेहरा आपल्या दोन्ही हातांत धरला.

"नऊ? पक्के नऊ?"

"पक्के नऊ, आत्याबाई."

"तुह्याखाली कोनी नाई?"

"नाई."

"मंग माहा पोरगा त्यायच्यात नाई," ती म्हणाली. "जिता आहे वो. जिता आहे." आन् त्या दिवशी तिनं बारा वर्षांत पहिल्यांदाच आणखी भात मागून घेतला.

६

मलेही बरं वाटलं. खोटं कायले बोलू? दोन दिवस मी थापी हलक्या हातानं टाकली. माह्याखाली कोणी नाई, माहा माणूस कुठंतरी जमिनीवर चालून राह्यला.

तिसऱ्या दिवशी दुसरा विचार आला. जिता आहे, त मंग कुठी आहे?

चार वर्षांपूर्वी लालसू नावाचा बंडीवाला सिरोंचाकडून आला होता. त्यानं तेव्हा एक गोष्ट सांगितली होती, आन् मी त्याले घरातून हाकलला होता. आता मीच त्याले शोधत बाजारात गेली. तो बैलाच्या गळ्यातल्या घंटा पाहात बसला होता.

"लालसूभाऊ, तुमी त्या वेळी काय सांगितलं होतं ते परत सांगा."

"कायले बाई? तू तवा मले खराटा मारला होता."

"आज नाई मारत."

त्यानं इकडं तिकडं पाह्यलं. "गोदावरीच्या पल्याड एक गाव आहे. तिकडं सगळे तेलंगी बोलतेत. घाटावर एक मानूस डोंगा ओढून राह्यला होता. पाठमोरा. मी पाठ ओळखली ना वो, एका बंडीवर झोपलो आमी. मी हाक मारली, 'दसरूभाऊ!' त तो थांबला. पन वळला नाई. डोंगा टाकला आन् घरात गेला."

"मंग?"

"मंग एका बाईनं दार लावलं."

"कशी होती?"

"बाईच होती. कडेवर लेकरू होतं."

"तोच होता?"

"तोंड नाई पाह्यलं त शपथ कशी घेऊ? पन परका मानूस असता त वळला असता. कोन हाक मारते म्हनून तरी वळला असता."

मी घरी आली. रस्ता कसा सरला ते ठाऊक नाई. बारा वर्षं मी दुसऱ्याच्या घरी धुणी-भांडी केली, चुना पिटला, पाट लावाले दोन जण आले त्यायले नाई म्हणलं. पोलीस त्याले शोधत येत तेव्हा पोट्टीले पोटाशी धरून भिंतीले लागून उभी राह्यली. आन् तो पाण्यात डोंगा ओढत होता. मेला असता त मी त्याले रडली असती. मोठ्या मनानं रडली असती. जित्यासाठी मले रडू येईना.

भासरे ओट्यावर बिडी पीत बसले होते. मी पदर डोक्यावर ओढला आन् आयुष्यात पहिल्यांदा त्यायच्या समोर बोलली.

"करा पुतळा."

आतून सासूनं हाक मारली, "काय म्हनली वो ते?"

मी परत म्हणलं, तिले ऐकू जाईन असं.

७

मार्गशीर्षातली अवस. सकाळचं झरपट नदीचं पाणी, थंडी, वाफ. भासऱ्यांनी पळसाचे देठ मोजून बांधले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भट म्हणाला, "माणूस केवढा होता?" भासरे माह्याकडे पाहू लागले. मी हात वर केला आन् मले कळेना कुठपर्यंत न्यावा. मले लग्नातल्या प्रत्येक बाईच्या लुगड्याचा काठ आठवते. त्याची उंची आठवत नव्हती. मी आपल्या कपाळाच्या थोडा वर हात धरला. तेवढा बांधला.

त्याचं जुनं धोतर मीच आणलं होतं. ते त्या देठांवर गुंडाळलं तेव्हा मात्र पाह्यलं गेलं नाई. देठ होते, पण धोतर नेसलं का माणूस होते.

आग लागली. पळस ओला असला का सूं सूं आवाज करून जळते. नारळ फुटला. माह्या बांगड्या एका म्हाताऱ्या बाईनं दगडावर फोडल्या, हात कापू नये म्हणून जपून फोडल्या. कपाळ तिनंच पुसलं.

सासू नदीवर आली नव्हती. आम्ही परत आलो त ती चुलीजवळ बसून होती. चूल थंड होती.

"झालं?" तिनं विचारलं.

भासऱ्यांनी ओला पंचा दोरीवर टाकला.

"मारला?" ती म्हणाली.

गुणवंतराव दुसऱ्या दिवशी येऊन बसून गेले. पाथरवटानं नाव कोरायले घेतलं आहे, एवढं सांगितलं.

८

तीन दिवसांचं सुतक. चवथ्या दिवशी मी कामावर गेली. कोब्याचा तो शेवटचा दिवस होता. परांची चढताना रिकामे हात मलेच ओळखू येत नव्हते. बायांनी एकदा माह्या मनगटाकडे पाह्यलं आन् नजरा वळवल्या. धुरपतानं माही थापी धुवून ठेवली होती.

"ये," ती म्हणाली. "तुह्यावाचून ओळ लंगडी होती." मंग तिले त्या शब्दाचं काही वाटलं असन, ती उगीच म्हणाली, "मुखरूले विचार, त्यानं तुह्या जागी बसून दोन घाव घातले, त दोन दिवस कंबर धरून चालला."

थर आता दगड झाला होता. गाणं सुरू झालं. टण्ण. टण्ण. सगळ्यांच्या थाप्या उसळत होत्या, आन् माहीही. मले हायसं वाटलं. कोबा झाला का उसळतेच. यात नवल नाई. खालचे नऊ आमच्या घावासोबत पडत होते, बायांले आता त्याची सवय झाली होती. जातं फिरते तेव्हा त्याचा आवाज ऐकू येत नाई, तसं.

आम्ही एक ओळ पिटून सरकलो. दुसरी पिटली. तिसऱ्या ओळीले आमचा घाव पडला, खालचे पडले, आन् मंग, सगळं थांबल्यावर, एक पडला.

एकटाच. उशिरा. माह्या हाताखाली.

थापीच्या दांड्यातून तो तळहातात आला, मनगटात आला, जिथं बांगड्या होत्या तिथपर्यंत.

"रंभे, ताल सोडू नको," धुरपता म्हणाली.

"मी नाई सोडला."

परत घाव पडला. तो परत मागं राह्यला. त्याच्या पुढच्या वेळी घाई केली, आमच्या आधीच पडला. मंग दोनदा पडलाच नाई. मंग अर्धवट, जसा पाय उचलला आन् कुठी टाकावा ते कळेना. मी कामावर नवीन लागलेल्या बाया पाह्यल्या आहेत. पहिल्या दिवशी त्या अशाच चुकतात. बाजूचीकडे पाहातात, हात वर धरून वाट पाहातात, आन् वाट पाहाता पाहाता मागं पडतात. नऊ जण आपल्या तालात होते, एकही चुकत नव्हता. बारा वर्षं संग राह्यलेले. हा दहावा त्यायच्यात उभा राहून ताल शिकून राह्यला होता.

भासऱ्यांनी विचारलं असतं त ते म्हणाले असते, विधी झाला, वाट मोकळी झाली, बारा वर्षं भटकत होता तो आज पोचला. असनही. मी शिकलेली नाई, मले काय कळते? पण जो गोळीच्या दिवशी त्यायच्यासोबत पडला, त्याले तो ताल आज शिकावा लागला नसता. आन् गोदावरीच्या घाटावर चार दिवसांपूर्वी डोंगा कोण ओढत होता, आन् अवसेच्या सकाळी, आमचा नारळ फुटला तेव्हा, त्याच्या हातातला दोर सुटला का, हे मी कोणाले विचारू? लालसूले मी परत कधी भेटली नाई. तो त्या रस्त्यानं दरसाल येत होता. मी बाजारात त्या बाजूले जातच नव्हती.

दुपारपर्यंत तो कमी चुकू लागला. ऊन कलल्यावर दहा-वीस घावांत एखादा. मी थापी टाकत राह्यली. थांबली असती त धुरपतानं विचारलं असतं. आन् मले वाटे, मी थांबली त तो चुकन.

दिवस मावळताना मुखरू वर आला. त्यानं गच्चीवर एक पैसा उडवून टाकला, तो खणकन वाजला. "झाला कोबा," तो म्हणाला. आम्ही शेवटचे पाच घाव घातले. त्या पाच घावांत खालचे दहा एकाच वेळी पडले. माहा कोणता, ते मले ओळखता आलं नाई.

परांची उतरताना सुकरीनं विचारलं, "तुह्याही हाताले खालून लागून राह्यलं होतं ना आज?"

"नाई," मी म्हणलं.

उजव्या खांबाजवळ लोक जमले होते. पाटीवर दहावं नाव पांढरं दिसत होतं, कोरलेल्या दगडाची भुकटी अजून झटकली नव्हती. मले वाचता येत नाई. मी त्याकडे पाह्यलं नाई, कमानीखालूनही गेली नाई. बाजूनं, नालीवरून उडी मारून गेली.

सासू दारात बसली होती. पुतळा जाळला त्या दिवसापासून ती माह्याशी बोलत नव्हती. माही पावलं ऐकून तिनं मान वर केली.

"रंभे."

"हाव, आत्याबाई."

"झाला कोबा?"

"झाला."

मंग तिनं विचारलं, "खाली कोनी नवा त आला नाई ना वो?"

मी म्हणलं, "नाई."

तिनं हात पुढं केला, माहा हात धरायले. मी तो पदराखाली घेतला आन् घरात गेली. तो अजून थरथरून राह्यला होता, एका तालात.